ही विभावरी शिरूरकर कोण? पहिल्या पुस्तकाच्या लेखिका-परिचयाची एक केस

माझी पहिली कादंबरी येतेय. प्रुफं दोनदा वाचून झालीत, मुखपृष्ठाचं चित्र ठरायचंय, शीर्षक दोन नावांच्या मध्ये अडकलंय, आणि मागच्या महिन्यात प्रकाशकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला की ताई, मलपृष्ठासाठी लेखिका-परिचय पाठवा, ६०-७० शब्द पुरे, फोटोपण पाठवा. २५० पानं लिहून झाल्यावर ६० शब्द सहज जमतील असं वाटलं होतं पण तीन आठवडे गेले. जन्म, गाव, शिक्षण, नोकरी इथपर्यंत हात सरळ चालतो आणि "ही त्यांची पहिलीच कादंबरी असून" इथे येऊन थांबतो. त्या "असून"च्या पुढे काय लिहायचं ते कळत नव्हतं.

आधी कादंबरी काय आहे ते सांगते. एक थोरली मुलगी आहे, वय ४१, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी. वडील जाऊन ६ वर्षं झालीत. भावाचं इंजिनिअरिंग, धाकटीचं लग्न, घराचे हप्ते सगळं तिच्या पगारातून झालं आणि तिचं लग्न राहून गेलं, म्हणजे कुणी मोडलं नाही, कुणी अडवलंही नाही, या वर्षी नको पुढच्या वर्षी बघू असं होत होत राहिलं. सुरुवात होते लाइटबिलापासून. बिल देणारा माणूस ते दाराच्या कडीत खोचून जातो, ती संध्याकाळी आली की काढते, दारातच उभी राहून वाचते, आणि वर नाव असतं वडिलांचं. गेलेल्या माणसाच्या नावाने दर महिन्याला घरात एक कागद येतो आणि तो ती भरते. नाव बदलून कुणी घेतलेलं नाही कारण बदलायचं तर कुणाचं लावायचं हा विषय घरात काढावा लागेल. गोष्ट एवढीच, बाकीची पानं त्या न काढलेल्या विषयाची.

आता मी पण थोरली आहे, मी पण पतसंस्थेत आहे, आणि आमच्या घरच्या लाइटबिलावरपण अजून बाबांचंच नाव आहे. तरी ही माझी गोष्ट नाही. कादंबरीतली बाई ज्या गोष्टी करते त्यातल्या निम्म्या मी केलेल्या नाहीत, आणि मी केल्यात त्या तिला जमल्या नसत्या. पण हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

आईला मी प्रुफं वाचायला दिली होती. ती मेथी निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "नाव बदलून नाही का गं छापता येत? लेखकांची असतात की टोपणनावं." मला आधी राग आला. मग बघितलं तर ती निवडलेली जुडी परत निवडत होती, कोवळे देठसुद्धा काढून टाकत होती. तिला भीती होती भावाच्या सासरची. ते वाचतील, म्हणतील आमच्या जावयाला बहिणीच्या पैशांवर शिकवला असं चव्हाट्यावर मांडलं.

आईच्या त्या प्रश्नामुळे मी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेकडे गेले. तिचं पहिलं कथांचं पुस्तक आधी वाचलेलं होतं, एम.ए.ला होतं तेव्हा परीक्षेपुरतं. या वेळी वेगळ्या डोळ्यांनी बघितलं, की एका नवीन लेखिकेने आपली ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं. ही केस नीट मांडून बघावी असं वाटलं, म्हणून हे लिहितेय.

तर १९३३. ह. वि. मोटे यांनी एक कथासंग्रह प्रकाशित केला, 'कळ्यांचे निःश्वास'. लेखिका विभावरी शिरूरकर. हे नाव तोपर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं. कथांमध्ये शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या किंवा लग्नात गुदमरलेल्या मुली होत्या, आणि त्या काय सोसतात एवढंच नव्हे तर त्यांना काय हवंय, शरीराला काय हवंय, स्वतःचं घर हवंय का, हे त्या स्वतःच्या तोंडाने बोलत होत्या. पुस्तकाने खळबळ उडाली. आणि त्या खळबळीत एक प्रश्न सगळ्यात मोठा झाला, तो म्हणजे ही बाई कोण?

ती होती बाळूताई खरे. वय २८. पुण्यात कन्याशाळेत शिक्षिका.

इथे थोडं थांबून तो काळ बघायला पाहिजे, नाहीतर टोपणनाव म्हणजे नुसता भित्रेपणा वाटतो. बाळूताईंचा जन्म १९०५चा. वडील अनंतराव खरे हे मास्तर, सुधारक विचारांचे, आई इंदिराबाई दुधाचा धंदा सांभाळणारी कर्तबगार बाई. त्यांनी मुलीला लहान वयातच हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत वसतिगृहात ठेवलं. १९१६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, १९२० मध्ये ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव लागलं. तिथल्या पदव्यांची नावं बघा, गृहीतागमा आणि प्रदेयागमा, जी.ए. आणि पी.ए. मला ही नावं फार आवडतात, जिने ज्ञान घेतलं ती आणि जी ते पुढे देऊ शकते ती. बाळूताई तिथल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या पदवीधर, वामन मल्हार जोशींसारखे शिक्षक मिळालेल्या.

म्हणजे ही महाराष्ट्रातली जवळजवळ पहिलीच पिढी, जिच्यात मुली विशी ओलांडून बिनलग्नाच्या होत्या, कमावत होत्या आणि वसतिगृहाच्या खोलीत एकमेकींशी बोलत होत्या. शारदा कायदा १९२९ चा, तो लागू झाला १९३० मध्ये, आणि त्याने मुलीच्या लग्नाचं कमीत कमी वय ठरवलं १४. कायदा चौदापर्यंत पोचायला धडपडत होता आणि हिंगण्याच्या मुली पंचविशीत होत्या. त्यांचं काय करायचं हे समाजाला माहीत नव्हतं, आणि साहित्यात तर त्या जवळपास नव्हत्याच. संग्रहातल्या एका कथेचं नाव आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' नाव वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. एका प्रश्नात अख्खी गोष्ट आहे, आणि ९० वर्षांनी मी लाइटबिलावरून तेच विचारतेय हे तेव्हा लक्षात आलं.

आता केसमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. 'कळ्यांचे निःश्वास' हे बाळूताईंचं पहिलं पुस्तक नव्हतं. त्याआधी दोन पुस्तकं येऊन गेली होती, 'अलंकारमंजूषा' आणि के. ना. केळकरांबरोबर लिहिलेलं 'हिंदुव्यवहारधर्मशास्त्र'. एक अलंकारांवर, एक कायद्यावर. या दोन पुस्तकांना टोपणनाव लागलं नाही. अलंकार काय असतात हे बाईने स्वतःच्या नावाने सांगितलेलं चालत होतं. हिंदू कायदा बाईला काय देतो आणि काय देत नाही हेसुद्धा चालत होतं. ते अलंकार सांगणारी, त्या कायद्याखाली राहणारी बाई रात्री अंथरुणावर पडून काय विचार करते हे लिहायची वेळ आली तेव्हा मात्र दुसरं नाव घ्यावं लागलं. एकच हात, जवळपास तीच दोन-तीन वर्षं. माहिती स्वतःच्या नावाने देता येते, गोष्ट सांगायला पदर घ्यावा लागतो, हे मला त्या दोन पुस्तकांच्या शेजारी हे तिसरं ठेवल्यावर दिसलं.

का घ्यावा लागला ते कळण्यासारखं आहे. ती मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिच्या कथांमधल्या मुली कुठून आल्या असतील हे कुणालाही ओळखता आलं असतं, आणि नाव कळताच प्रत्येक वाचक हिंगण्यातल्या, कन्याशाळेतल्या एकेका मुलीकडे बोट दाखवत बसला असता की ही ती, आणि ती ही. स्वतःला वाचवण्याइतकंच त्या मुलींना वाचवायचं होतं असं मला वाटतं. आईचं मेथी निवडणं मला इथे आठवलं. ती मला लपवायला सांगत नव्हती, भावाला लपवायला सांगत होती.

आणि तरी, घेतलेलं नाव बघा. विभावरी म्हणजे रात्र, हे ठीकच आहे, रात्रीत काही दिसत नाही. पण शिरूरकर? शिरूर म्हणजे जुनं घोडनदी, पुणे-नगर रस्त्यावरचं, घोड नदीच्या काठचं, खरेमास्तरांचं गाव. ज्याला पूर्ण लपायचंय तो आडनावात स्वतःचं गाव घालत नाही. मी दर पंधरा दिवसांनी पुण्याहून गावी पारनेर तालुक्यात जाते, एसटी शिरूरच्या स्टँडवर थांबते, लोक पाणी-बिणी घ्यायला उतरतात, आणि हल्ली त्या पाटीकडे बघताना मला वाटतं की तिने दार लावून घेतलं पण कडी नाही लावली. एक दिवस कुणीतरी ढकलून आत यावं एवढी फट ठेवली. हा माझा अंदाज आहे, तिच्या मनातलं मला काय माहीत, पण मी नाव शोधायला बसले तेव्हा मला जी दोन-तीन टोपणनावं सुचली त्या सगळ्यांत आमच्या गावाचा ओढा नाहीतर आजीचं माहेर कुठेतरी होतंच. पूर्ण परकं नाव हाताला येतच नव्हतं.

पुढे काय झालं? पुस्तकावरची चर्चा हळूहळू बाईवरची चर्चा झाली. या मुली असं का बोलतात याच्यापेक्षा हे लिहिणारी कोण, ती कसली बाई असेल, यात लोकांना जास्त रस. म्हणजे परिचय न दिल्यामुळे पुस्तक नुसतं पुस्तक म्हणून वाचलं जाईल असं जे वाटलं असेल ते पूर्णपणे झालं नाही. टोपणनावं तर पुरुषांनीही घेतली होती की, केशवसुत घ्या, गोविंदाग्रज घ्या. मराठीत ती कौतुकाची गोष्ट आहे. त्या नावामागे माणूस कोण हे कळलं तर बरं, नाही कळलं तर कवितेचं काही अडत नाही. बाईच्या टोपणनावामागे मात्र काहीतरी लपवलंय असंच धरून चालतात आणि शोध सुरू होतो.

पण केस इथेच संपली असती तर मी ती कुणाला सांगितली नसती. बाळूताईंनी लिहिणं थांबवलं नाही. पाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली, तीही विभावरी शिरूरकर याच नावाने आणि विषय आणखी धीट, लग्नाबाहेरच्या सहजीवनाचा. पुढे त्यांनी कन्याशाळा सोडली आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये सुपरिंटेंडंट म्हणून सरकारी नोकरी धरली. सेटलमेंट म्हणजे ज्या जमातींवर इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायची जागा. तिथे जे बघितलं त्यातून १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी आली. ज्या कायद्याने ती माणसं आत टाकली तो १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. आणि १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झालं, त्या मालती बेडेकर झाल्या.

आता हिशोब करा. 'बळी' येईपर्यंत विभावरी म्हणजे कोण हे गुपित उरलेलं नव्हतं. नाव लपवायची गरजच संपली होती. तरी 'बळी'वर नाव विभावरी शिरूरकरच. १९५३ मध्ये 'खरेमास्तर' आली, स्वतःच्या वडिलांवरची कादंबरी, त्यांचं नाव सरळ शीर्षकात, आणि लेखिकेचं नाव पुन्हा विभावरी शिरूरकर. बापावर लिहिलेलं पुस्तक, बापाने न दिलेल्या नावाने. मला हे वाचून भरून आलं. बाळूताई हे नाव आईबापांनी दिलं, मालती बेडेकर लग्नात मिळालं, आणि विभावरी शिरूरकर हे एकच नाव तिचं तिने ठेवलेलं. सुरुवातीला ते आडोसा होतं. पुढे तेच तिचं सगळ्यात खरं नाव झालं, कारण त्या नावाने जे लिहिलं ते तिला दुसऱ्या कुठल्याच नावाने लिहिता आलं नसतं. १९८१ मध्ये सरकारच्या साहित्यातल्या ढवळाढवळीच्या विरोधात मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी मालतीबाई बेडेकर होत्या, पंचाहत्तरी गाठलेल्या. अठ्ठाविशीत नाव झाकून आलेली बाई पंचाहत्तरी गाठल्यावर भर मांडवात उभी होती.

माझ्याकडे परत येते. दोन वर्षांपूर्वी मी हीच कादंबरी दुसऱ्या एका प्रकाशकाकडे घेऊन गेले होते. नाव सांगत नाही. त्यांनी ४० हजार मागितले, ते एक सोडा, नवीन लेखकांना हे बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं. पण ते पुढे म्हणाले, मॅडम, स्वानुभव आहे ना, मग परिचयात स्पष्ट टाकू, अविवाहित, घरासाठी आयुष्य वेचलेली, लोकांना हे आवडतं. मी चहा अर्धा ठेवून उठले. तेव्हा मला नुसता राग आला होता, कशाचा ते कळलं नव्हतं. ही केस मांडल्यावर कळलं. १९३३ मध्ये लोक विचारत होते ही कोण, म्हणजे तिला धरता येईल. आता विचारतात ही तीच ना, म्हणजे तिला विकता येईल. दोन्ही वेळा पुस्तक बाजूला आणि बाई पुढे. परिचय म्हणजे बाईची तपासणी करायला दिलेला कागद नाही. वाचक दारापर्यंत आलाय, त्याला आत कुठे वळायचं तेवढं सांगायचं.

मग मी काय ठरवलं? टोपणनाव घेतलं नाही. ते चुकीचं म्हणून नव्हे, बाळूताईंना ते लागलं आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. पण मला झाकायच्या मुली नाहीत. माझ्या कादंबरीतला भाऊ माझ्या भावासारखा नाही, आणि जे थोडंफार सारखं होतं ते मी भावाला आधी वाचून दाखवलं. फोनवर, रात्री साडेदहाला, बिल भरायचं ते प्रकरण. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, बिलावरचं नाव मी बदलून आणतो, तुझं लावू." मी म्हटलं आईचं लाव. त्यावर परत गप्प. मग म्हणाला की पुस्तकाच्या दहा प्रती सासरी मी नेऊन देईन, तू कशाला पाठवतेस.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग फोटो नीट काढ बाई, तो बँकेच्या ओळखपत्रावरचा नको देऊस." आमच्या पतसंस्थेला ती बँकच म्हणते.

अजून एक अडचण होती, मधलं नाव. मराठीत बाईचं पूर्ण नाव लिहायचं म्हणजे मध्ये एक पुरुष येतो, बाप नाहीतर नवरा. शाळेपासून सगळ्या कागदांवर माझ्या मध्ये बाबा आहेत. मुखपृष्ठावर ते काढायचे की ठेवायचे यावर दोन रात्री गेल्या. शेवटी मुखपृष्ठावर माझं नाव आणि आडनाव एवढंच ठेवलं, आणि अर्पणपत्रिकेत बाबांचं पूर्ण नाव घातलं, बिलावर जसं छापलंय अगदी तसंच, आद्याक्षरांसकट.

परिचय काल पाठवला. तो असा:

"जन्म आणि शालेय शिक्षण पारनेर तालुक्यात. मराठी विषयात एम.ए. गेली १७ वर्षं पतसंस्थेत नोकरी. दिवाळी अंकांतून काही कथा प्रसिद्ध. ही पहिली कादंबरी. वडील गेल्यानंतरही त्यांच्या नावाने चालत राहिलेल्या एका घराची आणि ते चालवणाऱ्या थोरलीची ही गोष्ट आहे. ही थोरली म्हणजे लेखिका नव्हे. मात्र त्या घरात येणारं लाइटबिल लेखिकेने दर महिन्याला हातात धरलेलं आहे."

प्रकाशकांचा रिप्लाय आला, शब्द बसतायत, शेवटचं वाक्य राहू दे. फोटो अजून काढायचाय.